मागची चोवीस बटणं

नाही, नाही, पेटी नंतर. पेटी काय पळून जातेय का? जिन्याखाली बांधून ठेवलीये, वरून सुतळी आवळलीये, लॅव्हीचा हिवाळी कोट, दोन टोप्या, बायबल, तिची कात्री — सगळं आहे त्यात, तुझ्या वडिलांचा गाडीवाला येऊन नेईल सावकाश. आधी तू इकडे ये, खिडकीपाशी, उजेडात. हात धुतलेत ना? लोखंडाच्या दुकानातून आलीस म्हणून विचारते, राग मानू नकोस — तुमच्याकडे खिळ्यांनासुद्धा तेल माखलेलं असतं, आणि हे रेशीम आहे, याला नुसतं घामाचं बोट लागलं तरी दिसतं. थांब, कागद मी काढते. हं. आता बघ. काय? बोलू नकोस, आधी बघ. लॅव्हीच्या लग्नाचा ब्लाउज आहे हा. शनिवारी अकरा वाजता माझी बहीण चॅपलात तुझ्या वडिलांशेजारी उभी राहील ना, तेव्हा तिच्या अंगात हा असायला हवा. पेटी राहिली तरी चालेल, हेस्टर, पण हा खोका आज तुझ्याबरोबर गेला पाहिजे आणि तिने हा घातला पाहिजे. माझं दुसरं काही मागणं नाही.

तिने सांगितला नव्हता शिवायला, माहीत आहे मला. तिने काहीच सांगितलेलं नाही. तीन आठवडे झाले, मिसेस थॅकरेच्या माडीवर जाऊन राहिलीये, आणि या गावात मिसेस थॅकरेचं घर म्हणजे इथून किती, तर चौक ओलांडला की आलं. मी रोज तिच्या खिडकीचा पडदा बघते. तर शिवला मी आपला, न सांगता. आणि कधी शिवला? राजा वारल्यापासून सबंध मॉल्टन गाव सुतकाच्या काळ्या कपड्यांत आहे, ज्या बाईने आयुष्यात माझी पायरी चढली नाही तीही काळा ब्लाउज मागत आली — अकरा काळे शिवलेत मी एकटीने, डोळ्यांची पार लक्तरं झाली, काळ्यावर काळा दोरा, दिव्यात काही दिसत नाही. आणि त्या अकरांच्या मधून मधून हा एक पांढरा. पांढराही नाही, साईसारखा आहे, बघ ना, पडद्यापाशी धर. चाळिशीच्या नवरीला अगदी पांढरंफेक शोभत नाही, आणि तिचा तो राखाडी कोट-स्कर्ट आहे ना, त्याच्यावर हाच रंग खुलतो. मला तिचे रंग माहीत आहेत. बावीस वर्षं मी तिला कपडे घातलेत.

आता छातीवरच्या या बारीक चुण्या मोज. नको मोजू, मी सांगते, अठ्ठेचाळीस आहेत, एका बाजूला चोवीस, प्रत्येक चुणी दोन धाग्यांची, हाताने घातलेली. मशीनवर होतात, हो, यॉर्कला होतात, पण मशीनची चुणी कशी मेल्यासारखी सरळ पडते. हाताची चुणी श्वास घेते. आणि त्या इथे सोडल्यात, छातीच्या खाली, म्हणजे तिथून कापड मोकळं सुटतं आणि कमरेवर असं कबुतरासारखं पुढे फुगून येतं. तू हसलीस, पण तेच हवं असतं सगळ्यांना. पुढे फुगलेलं, मागे सपाट. मागच्या बाजूला कमरेत आतून फीत लावलीये, ती आधी पुढे आणून बांधायची, मग मागचं सगळं घट्ट बसतं आणि पुढचं झुलत राहतं. आणि ही लेस. लेस वर चिकटवलेली नाहीये, कळलं का? आधी लेस कापडावर ठेवून दोन्ही कडा शिवायच्या, मग उलटं करून लेसच्या मागचं कापड कात्रीने कापून काढायचं. हात जरा हलला की लेसही गेली आणि ब्लाउजही गेला. म्हणून पोरी रडतात हे शिकताना. लॅव्ही नाही रडली. लॅव्ही सतरा-अठराची होती, आई नुकतीच गेली होती, मी तिला कात्री दिली आणि म्हटलं काप, आणि तिने श्वास रोखून कापलं, एका दमात, आणि मग मला विचारलं, गस्टी, आता श्वास घेऊ? — अशी होती ती.

बाह्यांकडे बघू नकोस फार. बघितलंस ना? मला वाटलंच. इथे कोपरावर लेसची पट्टी आली आहे, ती मुळात तिथे नव्हती. सांगते. या घरात बाह्या लॅव्ही कापायची. मी अंग कापायचे, कॉलर करायचे, ती बाह्या आणि कफ. बावीस वर्षांत मी बाही म्हणून कापली नाही. आणि आता कापायला बसले, कापड दुहेरी न घालता एकेरीच पसरलं कारण रेशीम कमी होतं, एक बाही कापली, नमुना उचलला, दुसरी कापली — नमुना उलटायला विसरले. दोन्ही डाव्या हाताच्या. हसू येतंय? हस, मोकळी हस, मीही हसले असते. सेहेचाळीस वर्षांची शिवणारीण, दोन डाव्या बाह्या घेऊन बसली होती इथे टेबलापाशी. आणि माझ्या तोंडातून काय निघालं माहीत आहे? मी हाक मारली. लॅव्ही, इकडे ये गं, म्हणून. जिन्याकडे तोंड करून. मग आठवलं. मग एक बाही कोपरातून आडवी कापली, वरचा तुकडा फिरवला, मध्ये लेस भरली, आणि मग दुसरीलाही तशीच लेस भरली, जोडीला जोड दिसावी म्हणून. कुणाला कळणार नाही. लॅव्हीला कळेल. ती हात घालेल आणि लगेच कळेल तिला. कळू दे.

काय गं, सारखी तोंड उघडतेस आणि मिटतेस. घाई आहे का? चहा ठेवू? नको तर नको. पाच मिनिटं थांब, पाठ राहिली बघायची, आणि खरं काम पाठीवरच आहे. हे बघ — चोवीस बटणं. वाटाण्यापेक्षा लहान, प्रत्येकावर त्याच रेशमाचं कापड मढवलेलं. काजंही नाहीत, काजाऐवजी दोऱ्याचे फासे, प्रत्येक फासा बटणाच्या मापाचा. कॉलरला वर चार हुक वेगळे. आता तू म्हणशील, चाळीस वर्षांच्या बाईला मागून उघडणारा कशाला, पुढून करायचा, पट्टीखाली हुक लपवायचे, आपलं आपण घालता येतं. येतं ना. पण पुढून उघडला की या अठ्ठेचाळीस चुण्यांच्या मधोमध चीर पडते. चांगला ब्लाउज मागूनच उघडतो. आणि मागून उघडतो म्हणजे काय, तर घालणाऱ्या बाईच्या मागे कुणीतरी उभं असतं. चॅपलात एखादी बाई अशा ब्लाउजात आली की ओळखावं, हिच्या घरी कुणीतरी आहे. मुलगी असेल, मोलकरीण असेल, नवरा असेल. बहीण असेल.

ही शाल? हो, जून महिना आहे, शालीचे दिवस नाहीत, माहीत आहे मला. तूच बघतेस असं नाही, पाववाल्यानेही विचारलं परवा, मिस ऑगस्टा, बरं नाहीये का. बरं आहे मला. माझे सहा ब्लाउज आहेत आणि सहाही मागून उघडतात, बस. खालची आठ बटणं लावता येतात, हात मागे वळवून. वरची सहा लावता येतात, खांद्यावरून. मधल्या दहांना माझा हात पोचत नाही, कुणाचाच पोचत नाही, देवाने हात त्या मापाचे केलेले नाहीत. तीन आठवडे मधली दहा उघडी आहेत आणि वर शाल आहे. नको, हात लावू नकोस. बस तिथेच. तुझी भावना चांगली आहे, पण नको. पुढून उघडणारा एक शिवून घेता आला असता मला, दोन तासांचं तर काम. तो शिवला असता म्हणजे ती येत नाही हे मी मान्य केल्यासारखं झालं असतं. म्हणून नाही शिवला. सकाळी ती माझी लावायची, मग मी तिची. खालून वर. सगळी लावून झाली की दोन खांद्यांच्या मध्ये अशी एक थाप मारायची ती. झालं, जा, अशा अर्थाची. मला वाटायचं, काय ही थाप मारते घोड्याला मारल्यासारखी. आता सकाळी त्या थापेच्या जागी नुसता वारा लागतो.

तुला तिने सांगितलंय का, आमचं का बिनसलं? नाही ना. नाही सांगणार. ती बोलत नाही. तुझे वडील दोन वर्षं दर गुरुवारी काहीतरी निमित्त काढून येत होते, बिजागरीला तेल घालू का, कडी बदलू का — या घराच्या कड्या आता बँकेला लाजवतील अशा आहेत — आणि मला काही कळलं नाही, किंवा कळूनही मी न कळल्यासारखं केलं. मग लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, एका सकाळी ती म्हणाली, गस्टी, मिस्टर ब्रॅमलींनी लग्नाचं विचारलं आणि मी हो म्हणाले. ती माझ्या मागे उभी होती, बटणं लावत होती, मला तिचा चेहरा दिसत नव्हता. आणि मी काय म्हणाले असेन? सुखी हो म्हणाले असेन? मी म्हणाले, मग माझी बटणं कोण लावणार. हेच म्हणाले. शब्दन्शब्द. तिचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले, सगळी लावली तिने. मग दोन महिने मी तिला रोज काहीतरी टोचून बोलत राहिले. पन्नाशीचा विधुर, कपड्यांना गंजाचा वास — माफ कर, तुझे वडील आहेत, पण म्हणाले मी तसं. आणि मग मे महिन्यात, त्या शेवटच्या दिवशी मी म्हणाले, मी तुला वाढवलं, मी तुझं कधी काही वाईट केलं का, एक सांग, एक गोष्ट सांग. आणि तिने सांगितली.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी हे कुणाला सांगितलेलं नाही आणि तुला का सांगतेय मला माहीत नाही, तुझी ओळख तरी काय, पण आता निघालंच आहे तोंडातून. तेव्हा इथे शाळेत मिस्टर केटलवेल म्हणून मास्तर होते. चॅपलात गायचे, आवाज बरा होता, बाकी सामान्य. ते लॅव्हीकडे बघायचे. संडे स्कूलच्या वर्धापनदिनाचा चहा होता, लॅव्ही मोठ्या टेबलावर चहा ओतणार होती, आणि मास्तर त्या दिवशी विचारणार हे सगळ्या गावाला माहीत होतं. ती नवीन ब्लाउज घालून माझ्यासमोर पाठ करून उभी राहिली. हसत होती. पाठीवरून कळतं माणूस हसतंय ते. मी खालून लावत आले, एक, दोन, तीन. आणि मध्यावर आल्यावर मी दोन बटणं सोडली. तेरावं आणि चौदावं. फासा बोटात धरला होता मी. धरला आणि सोडून दिला आणि पंधरावं लावलं. विसरले नव्हते. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की विसरले, घाई होती, पण विसरले नव्हते. मला वाटलं, एवढंच, जरासं गबाळं दिसू दे, जरा त्या माणसाचं मन उडू दे. मला एकटीला राहायचं नव्हतं. एवढं साधं कारण होतं.

आणि चहा ओतायला ती सगळ्या चॅपलाकडे पाठ करून उभी राहिली. वाकली की ती फट उघडायची, आणि आतली जुनी बंडी दिसायची, ठिगळाची. शिवणारणीचीच पाठ उघडी. पोरी खिदळत होत्या, बायका एकमेकींना कोपर मारत होत्या, दीड तास, आणि कुणी उठलं नाही, मीही उठले नाही, मी केक कापत बसले. शेवटी मिसेस थॅकरेने आपली शाल काढून तिच्या खांद्यावर टाकली. म्हणून तर लॅव्ही तिच्याकडे गेली राहायला, आणि कुणाकडे जाणार? मास्तरांनी त्या दिवशी काही विचारलं नाही. पुढे व्हिटबीला बदली घेऊन गेले. आता दोन बटणांपायी कुणी माणूस बाई सोडत नाही, ते सोडणारेच असतील, असं मी म्हणते. रोज म्हणते.

तर मेमध्ये लॅव्ही मला म्हणाली — अगदी हळू, आवाज चढवला नाही — म्हणाली, गस्टी, चॅपलाच्या दारात पोचायच्या आधीच मला कळलं होतं. वारा लागला पाठीला. मी म्हटलं, मग परत का नाही वळलीस, मला का नाही सांगितलंस, मी लावली असती. तर म्हणाली, तू सोडलीस ना, मग मी कुणाला सांगणार होते.

बस. इतकंच म्हणाली. सहा वर्षं तिला माहीत होतं. आणि त्या चहाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि माझी सगळी लावली, एकही न सोडता, आणि थाप मारली. सहा वर्षं, रोज. तिने एकदा जरी माझं एखादं सोडलं असतं ना, हेस्टर, तरी मला झोप लागली असती.

हे रडणं नाहीये, काळ्या कापडाने डोळे असे होतात. हं, घे रुमाल, तूच पूस तुझे. तुला कशाला रडू येतंय? तर आता नीट ऐक, हे तुला करायचंय. शनिवारी सकाळी तू तिच्याकडे लवकर जा. मला बोलावणं नाही, मला ठाऊक आहे, मी मागे चॅपलात शेवटच्या बाकावर बसेन, फार तर. आधी कमरेची फीत बांध, पुढे, साधी गाठ. मग खालून सुरू कर, वरून नाही, वरून केलंस तर खाली एक फासा उरतो. लावत जाताना मोज, तोंडाने, तिला ऐकू जाईल असं मोज. चोवीस म्हटल्याशिवाय थांबू नकोस. आणि तिला सांग, गस्टीने सगळे फासे दुहेरी दोऱ्याचे केलेत, एकही आपोआप सुटणार नाही. तेराव्या-चौदाव्याचे तर तिहेरी केलेत मी. ती समजेल. खोका असा आडवा धर, उभा नको, बाह्या चुरगळतील —

काय? मघापासून काय सांगायचंय तुला? बोल ना एकदाचं.

केव्हा? परवा. गाडीने. यॉर्कला, तुझ्याबरोबर.

तयार ब्लाउज घेतला. बरं. चांगलं दुकान आहे ते, मोठं आहे. गर्दी असेल. तुझ्या वडिलांनी पैसे दिले असतील, चांगलं केलं. नाही, नाही, तू काय चूक केलीस, तू तर सुरुवातीपासून सांगत होतीस, मीच बोलू दिलं नाही. पुढून उघडतो? हो, पुढूनच उघडत असणार. आपली आपण घालेल. बरोबर आहे. मशीनच्या चुण्या? असू दे, लांबून कळत नाही. लेस मागून कापलेली आहे की वर नुसती — जाऊ दे, तुला काय कळणार. कॉलर केवढी उंच आहे? बोटांनी दाखव. एवढी? नीट दाखव. अडीच इंच तरी आहे. सगळ्यांच्या तयार कॉलरी अडीच इंचच असतात, त्यांना वाटतं सगळ्या बायकांच्या माना हंसाच्या. आतून कॉलर ताठ धरणाऱ्या काड्या आहेत ना, चार? असतात. तिची मान आखूड आहे, हेस्टर, पावणेदोन इंचाच्या वर गेलं की डावी काडी तिच्या कानाखाली रुतते, रक्त येतं. तिला रुतेल आणि ती हूं की चूं करणार नाही, सबंध लग्न, सबंध जेवण, हसत उभी राहील आणि तुम्हाला कुणाला कळणारही नाही. म्हणून तू एक कर. आतल्या बाजूने कॉलरची शिवण दोन टाके उसव, डाव्या बाजूची काडी ओढून काढ, आणि पुन्हा दोन टाके घाल. तिला येत नाही असं नाही, पण ती स्वतःसाठी करायची नाही. मी सांगितलं म्हणून सांगू नकोस. तुझं तुला सुचलं म्हण. नाहीतर काहीच म्हणू नकोस, नुसती काढून टाक.

खोका राहू दे इथेच. नाही, खरंच राहू दे. पेटी जिन्याखाली आहे, गाडीवाल्याला चारच्या आत पाठव, नंतर मला काळ्या ब्लाउजवाल्या बाया येतात. ऊठ आता. ऊठ गं, उशीर होतोय तुला. डावी काडी. जा.